मागच्या खोलीची उंची

भिलारे सरांनी घरातली मागची खोली समुद्रसपाटीवर आणली, त्यात त्यांचे दोन फायदे होते. बायकोला पुरेसा श्वास मिळणार होता, आणि मेहुण्याच्या घरी जाऊन राहणं टळणार होतं. यातला मोठा फायदा कोणता, असं विचारलं असतं तर सरांनी पहिला सांगितला असता. पण सांगताना खिडकीबाहेर बघितलं असतं.

घर पाचगणीला, चार हजार दोनशे फुटांवर. लांबलांबून लोक तिथे हवा खायला येतात, आणि कुंदाबाईंना नेमकी तीच पुरत नव्हती. वाईचे डॉक्टर म्हणाले, "खाली न्या यांना. समुद्राकाठी." समुद्राकाठी म्हणजे हर्णै, कुंदाबाईंचं माहेर. आणि हर्णै म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ दामू पावसे, जो मासळीचा लिलाव ज्या आवाजात पुकारतो त्याच आवाजात भावोजींना चहा विचारतो. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाने म्हातारपणी मेहुण्याच्या ओसरीवर बसायचं, हे सरांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मुलीने दिलेल्या कॉम्प्युटरवर सर रोज सकाळी विमान चालवत. विमान खोटं, पण बटणं सगळी खऱ्यासारखी. हवेच्या दाबासाठी दोन चौकटी होत्या. वरच्या चौकटीत विमान किती उंच उडणार ते भरायचं, खालच्या चौकटीत ते उतरणार ती जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते. मग आतला दाब यंत्र सांभाळतं. एका मंगळवारी सरांनी वर छत्तीस हजार भरलं आणि खाली शून्य.

मागच्या खोलीचं दार आपणहून मिटलं.

"अहो," आतून कुंदाबाई म्हणाल्या, "कानात टक्क झालं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि धाप गेली."

दार आतल्या बाजूला उघडणारं. आतली हवा जड, बाहेरची हलकी, त्यामुळे ते चौकटीला असं घट्ट बसलं की सरांनी खांदा लावूनही हललं नाही. दाराखालच्या फटीतून मात्र बारीक, खारा वारा बाहेर येत राहिला. जेवायच्या वेळी सर त्या वाऱ्याविरुद्ध भाकरी आत ढकलत. गुरुवारी आतून ताटली परत आली, तिच्या कडेला वाळू होती.

"कशी आहेस?"

"झोप लागली हो. सलग. लग्नाआधी लागायची तशी."

त्याच दुपारी दामूचा फोन आला. "भावोजी, तुम्ही शिकलेले, म्हणून विचारतो. इथं दुकानात वेफर्सची पाकिटं फुगलीत. भात शिजत नाय. माणसं जेटीवरनं घरी येईपर्यंत तीनदा बसतात."

सरांनी मनातल्या मनात मोजलं. पाकिटं, भात, धाप. म्हणजे हर्णै चार हजार दोनशे फुटांवर. ते म्हणाले, "हंगाम बदलतोय. होतं असं."

शनिवारी दामू स्वतःच आला. दारातल्या पायरीवर बसून बराच वेळ नुसत्या धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "इथं पण तेवढीच हवा? मग आमची गेली कुठं?" त्याने नाक वर करून वास घेतला, उठला, मागच्या खोलीपाशी जाऊन पालथा पडला आणि फटीला नाक लावलं.

"भावोजी. ही आमच्या बंदरावरची हाय."

"हवेला काय नाव लिहिलेलं असतं?" सर म्हणाले.

"मला कोळंबीचा वास कुणी शिकवायचा नाय."

आतून कुंदाबाईंचा आवाज आला. "दामू? तुला का रे धाप लागलीय?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

"अहो. गेले चार दिवस मी कुणाचा श्वास घेत होते?"

असं गप्प राहणाऱ्या पोराला सरांनी वर्गात बाकावर उभं केलं असतं.

"दार उघडा," त्या म्हणाल्या.

"तुला परत त्रास होईल."

"होऊ दे. उघडा."

सरांनी खालच्या चौकटीत चार हजार दोनशे भरलं. खोली मिनिटाला तीनशे फूट वर चढू लागली. चौदा मिनिटांनी दार सैल झालं आणि कुंदाबाई बाहेर आल्या, भिंतीचा आधार घेत, हातात बॅग.

"ही कधी भरलीस?"

"डॉक्टर बोलले त्याच दिवशी. तुम्ही म्हणाल 'चल', म्हणून वाट बघत होते. तुम्ही चला की बरोबर."

"चला भावोजी," दामूही म्हणाला. "लिलावात उभं नाय करत तुम्हाला. चहा घ्या, बसा."

"विमान हवेत आहे," सर म्हणाले. "असं मध्येच सोडून येता येत नाही."

ती दोघं घाटाकडे निघाली. हर्णैची हवा त्यांच्यामागून निघाली, वाटेतली फाटकं एकेक करून उघडत.

सर मागच्या खोलीत डोकावले. उशीला खळगा होता, फरशीवर थोडी वाळू. बायको कधीतरी परत येईल. येईल तेव्हा खोली तयार असलेली बरी. ते कॉम्प्युटरपाशी गेले आणि त्यांनी पुन्हा शून्य भरलं. दार मिटलं.

या वेळी हर्णैहून काही आलं नाही. खोलीने जवळची हवा घेतली, बाहेरच्या खोलीतली, सर बसले होते तिथली. कॉम्प्युटरवरचा उंचीचा काटा आता या बाहेरच्या खोलीची उंची दाखवत चढू लागला. सहा हजारांवर लोणच्याच्या बरणीचं झाकण उडालं. आठ हजारांवर चहाचं पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळलं. दहा हजारांवर विमानातला धोक्याचा भोंगा वाजायला लागला. चौकटीतला आकडा बदलायला एक बोट पुरलं असतं. सरांनी ते बोट भोंगा बंद करायला वापरलं.

हर्णैची हवा हर्णैला पोचली. दामूचा भात शिजला. कुंदाबाईंना माहेरही मिळालं आणि श्वासही. मागच्या खोलीत कोणी नव्हतं आणि तिथे बरोबर समुद्रसपाटी होती. ती कोण भरत होतं, ते काटा दाखवत होता. चौदा हजार.

सर दारापाशी पालथे पडले आणि त्यांनी फटीला तोंड लावलं. खारा वारा आला, आणि वाऱ्याबरोबर, त्यांनीच कुंदाबाईंसाठी आत ढकललेली एक भाकरी बाहेर सरकली.