नाव गाळलं, हसणं राहिलं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पण गाणी वाजवणारा नव्हे. माझा जन्म ऐकण्यात गेला. एका संशोधन संस्थेने मला विकत घेतलं आणि तिथल्या ताईंच्या पिशवीत बसून मी दारोदार हिंडलो.

एका मोठ्या धुलाई कारखान्यात बायकांचे हात वरचेवर भाजत. बायका निष्काळजी आहेत, असा मालकांचा अंदाज; तो तपासायचं काम आमच्या संस्थेकडे आलं. अभ्यासात तपासून पाहायच्या अंदाजाला गृहीतक म्हणतात. सगळ्याजणींना विचारणं जमणार नव्हतं, म्हणून ताईंनी चिठ्ठ्या टाकून काहीजणी निवडल्या. तो झाला नमुना. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

पहिली चिठ्ठी निघाली ती इस्त्रीयंत्रावरच्या मावशीची. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"माझं नाव कुठं येणार नाही ना? घरात कमावणारी मी एकटीच आहे."

"नाही येणार, मावशी. शब्द देते."

मग मावशी मोकळी झाली. "निष्काळजी कसल्या? चादरी भराभर निघाव्यात म्हणून मुकादमाने यंत्राची हात अडवणारी जाळीच काढून ठेवलीय. हात भाजेल नाहीतर काय!" आणि ती हसली, अडखळत, बारीक शिट्टी वाजल्यासारखी. मला ते हसणं फार आवडलं.

ताईंच्या वरच्या सरांना मात्र दम धरवेना. अभ्यास अर्धा असतानाच त्यांनी मालकांपुढे पुरावा म्हणून ती मुलाखत लावली.

"सर, तिला विचारलेलं नाही," ताई कुजबुजल्या.

"अहो, नाव गाळलंय ना!"

नाव गाळलं होतं, खरंच. पण मालकांशेजारी मुकादम बसला होता आणि हसण्यापाशी त्याने झटकन मान वर केली. मला तिथेच थांबायचं होतं. पण माझं बटण दुसऱ्याच्या हाती!

जाळी काही बसली नाही. मावशीचं काम तेवढं गेलं.

ताई तिच्या दारात जाऊन रडल्या. मावशी उंबऱ्यातूनच म्हणाली, "रडता कशाला? शब्द पाळलात की. नाव नाही सांगितलंत."

नंतर ताई उरलेल्या बायकांकडे गेल्या. "सगळं ठीक आहे," एक म्हणाली. "आम्हाला काही त्रास नाही," दुसरी म्हणाली आणि भाजलेल्या बोटांवर हळूच फुंकर घालू लागली. ती फुंकरही माझ्या टेपवर आहे, पण फुंकर कोण लिहून घेतो? अहवालात आलं की बहुतेक कामगार समाधानी आहेत. कामावरून काढलेल्या एका बाईची तक्रार बाजूला पडली.

आता मी कपाटात धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण उद्या तुम्हीही कुणाला प्रश्न विचाराल. विश्वासाने बोलणाऱ्या माणसाला जपा, उत्तर नंतर.

मावशीचं हसणं अजून माझ्यात आहे. मी हाती लागलो तर बटण दाबू नका. आधी तिला विचारून या.