आजोबांच्या होडीचं झाकण

रविवारी संध्याकाळी 'पाचवी होडी'च्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग दाखवला गेला आणि माझ्या तोंडाचं कुलूप एकदाचं निघालं. एप्रिलपासून मी गप्प होते. मी! साल्व्हर! जिला वर्गात गप्प बसवायला दोन शिक्षक लागतात ती! आता सांगते सगळं, पहिल्यापासून.

मालिका पाहिली नाही असं कुणी आपल्या देशात असेल असं वाटत नाही, तरी सांगून ठेवते. पहिल्या पर्वात वादळातून चार होड्या परत येतात. पाचवी नंतर एकटीच तरंगताना सापडते, वर माणूस नाही. शेवटच्या भागात पोलीसबाई त्या होडीवर चढते, डेकवरच्या झाकणापाशी वाकते आणि आतून आवाज येतो. ठक. ठक. ती झाकणाला हात लावते... आणि अंधार. नावं वर सरकायला लागतात.

त्या क्षणी आमच्या घरात आईने विणकाम भिरकावलं. बाबा "अरे!" म्हणून ओरडले. आणि आजोबा शांतपणे म्हणाले, "त्याच्याखाली माझा थर्मास आहे."

कारण ती होडी आजोबांची आहे. तिचं खरं नाव स्वाला. टीव्हीच्या लोकांनी तिला खोटा गंज फासला, झाकणावर भेगा पडलेला काळा रंग थापला आणि आजोबांकडून लिहून घेतलं, की दुसऱ्या पर्वाचं चित्रण होईपर्यंत होडी पाण्यात टाकायची नाही, रंगवायची नाही आणि लेखकाच्या परवानगीशिवाय झाकण तर मुळीच उघडायचं नाही. नाहीतर रंगाच्या भेगा बदलतील आणि प्रेक्षक बोंब मारतील.

"एका हिवाळ्याचा तर प्रश्न आहे," आजोबा म्हणाले आणि सही ठोकून मोकळे झाले.

मग पेपरात आलं, दुसरं पर्व पुढच्या वर्षी. मग आलं, त्याच्या पुढच्या वर्षी. मग आलं, लेखक विचार करत आहेत.

सगळा देश चिडला. दुकानात, बसमध्ये, दंतवैद्याकडे तोंड उघडं असतानाही लोक एकच विचारत होते, झाकणाखाली काय आहे? माझी मैत्रीण इल्फा तर म्हणाली, "तोवर मी म्हातारी होईन गं. मला शेवट आठवणारही नाही, सुरुवात सोड!"

माझी चीड मात्र वेगळी होती. उन्हाळ्यात गळाने कॉड मासे पकडायला आजोबा स्वालावर एकटे जातात, आणि मी सोळा वर्षांची झाले की खलाशी म्हणून मला नेणार असं त्यांनी मी पहिलीत असताना कबूल केलं होतं. मी सोळा झाले. छोट्या होड्या चालवायची परीक्षाही दिली. आणि स्वाला गोदीत लाकडी ठोकळ्यांवर बसलेली, खोटा गंज लावून. एक उन्हाळा तसाच गेला. त्यात आजोबांचे गुडघे. जानेवारीत ते जिन्यावर थांबले आणि म्हणाले, "येता उन्हाळा शेवटचा, पोरी. मग होडी विकायची."

म्हणजे या उन्हाळ्यात नाही, तर कधीच नाही. आणि ते सगळं अडलं होतं कुठे? एका माणसाच्या डोक्यात.

तो माणूस म्हणजे केतिल, मालिकेचा लेखक. आणि गंमत बघा, तो त्याच जानेवारीत शांतपणे लिहायचं म्हणून राजधानी सोडून कुठे आला? आमच्या गावात! पाठीला कळ लागायची म्हणून रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर यायचा आणि थेट गरम कुंडात उतरायचा.

आता आमचं गरम कुंड म्हणजे काय सांगू! बाहेर बर्फ पडतंय, डोक्यावर लोकरी टोपी, गळ्यापर्यंत वाफाळतं पाणी, आणि अख्ख्या गावाच्या बातम्या. तिथे पाद्री असो की बँकेचा साहेब, सगळे चड्डीवर, त्यामुळे सगळे अरे-तुरे. आजोबा तिथे रोज. त्यांच्या शेजारी हालफ्रीदुर, जिने चाळीस वर्षं गावाचे केस कापले. ती काठावर लोकरीची नक्षीदार टोपी घातलेला थर्मास ठेवते आणि सगळ्यांना कॉफी पाजते. आजोबांना पहिला पेला. का ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

केतिल पहिल्या दिवशी कुंडात उतरला आणि बिचाऱ्याला वाटलं, आता पाठ शेकू.

"ती मेली का रे?" हालफ्रीदुरने विचारलं.

"कोण?"

"पोलीसबाई, दुसरं कोण!"

"मला सांगता येत नाही."

"निदान आत जो आहे तो जिवंत आहे की नाही एवढं सांग," पाद्री म्हणाले. "प्रार्थना कोणती करायची ते ठरवता येईल."

केतिल हळूहळू खाली सरकला. हनुवटी बुडाली, मग ओठ. शेवटी नुसतं नाक आणि चष्मा पाण्यावर.

"पाण्याखाली गेलास तरी ऐकू येतं हं!" आजोबा म्हणाले. "माझी होडी सोड, बाबा. मग तुझी मालिका शंभर वर्षांनी काढ."

असं महिनाभर चाललं. मार्चमध्ये तो भलत्याच वेळी यायला लागला, दुपारी, शाळेची पोरं असताना. मग तर यायचाच बंद झाला.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मागच्या वर्षीपर्यंत मी चारचौघांत बोलायचं म्हटलं की कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचे. फेब्रुवारीत इल्फाने माझं नाव परस्पर वक्तृत्व स्पर्धेत घातलं. मी तिला धरून मारणार होते. पण उभी राहिले, बोलले, आणि लोक हसले, जिथे हसायला हवं तिथेच! बक्षीसही मिळालं. त्या दिवसापासून माझं तोंड काही मिटत नाही. आई म्हणते, बक्षिसाबरोबर बंद करायचं बटणही द्यायला हवं होतं.

तर एप्रिलमध्ये एका सकाळी मी केतिलच्या दारावर थाप मारली. त्याने फटीतून पाहिलं. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा.

"मी काहीही विचारणार नाही," मी म्हणाले. "पण तुझी पाठ दुखते हे तुझ्या चालण्यावरून अख्ख्या गावाला कळतंय. चल कुंडात. आज तुला कुणी छळलं तर मी त्याला बुडवते."

तो हसला. आणि आला, खरंच आला.

कुंडात सगळे इतके शहाण्यासारखे वागले, की मलाच भीती वाटली. हवेवर बोलले. बटाट्यांवर बोलले. हालफ्रीदुरने केतिललाही कॉफी दिली. पाद्री तर इतके गप्प, की फुटतील असं वाटत होतं. आणि त्या शांततेत, काहीही विचारणार नाही असं वचन दिलेली मीच बोलून बसले.

"केतिल, झाकणाखाली काय आहे ते तुला तरी माहीत आहे का?"

केतिलने चष्मा काढला, वाफ पुसली, पुन्हा घातला. पुन्हा वाफ धरली.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. ठकठक लिहिली तेव्हा वाटलं होतं, काय ते पुढे सुचेल. नाही सुचलं. आत माणूस ठेवून पाहिला, प्रेत ठेवून पाहिलं, पैसे ठेवून पाहिले. सगळंच फालतू वाटतं. लोक इतके दिवस थांबलेत, की आता काहीही निघालं तरी ते म्हणणार, एवढंच?"

कुंडात असा गलका झाला, की पलीकडे पोहणारे थांबले. "म्हणजे आम्ही उगीच!" "अरे, मी यावर पैज लावलीय!" आजोबा मात्र एकदम हसायला लागले, पोट धरून, पाणी काठाबाहेर सांडेपर्यंत.

"थर्मास!" ते म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. माझा थर्मास आहे तिथे. निळा, बुडाला पोचा आलेला. आत कॉफी राहिली होती, तिला आता हातपाय फुटले असतील. तीच ठकठक करत असेल!"

आणि मला सुचलं. कुठून ते विचारू नका, पण मी पाण्यात उभी राहिले.

"मग चला ना, उघडून बघू!"

"सही केलीय मी," आजोबा म्हणाले.

"कागदावर काय लिहिलंय? लेखकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. लेखक हा इथे बसलाय. केतिल, देतोस?"

केतिलने माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग स्वतःच्या सुरकुतलेल्या बोटांकडे. "देतो," तो म्हणाला. "यापेक्षा वाईट काय होणार!"

आमची वरात गोदीकडे निघाली ती बघायला हवी होती. अंगावर झगे आणि कोट, ओल्या केसांचे बर्फाने काटे झालेले, पुढे आजोबा पहार घेऊन, मागे पाद्री, त्यांच्या मागे कुंडातूनच उठून आलेले आमचे गणिताचे सर. पहिला तास त्यांचाच होता, त्यामुळे शाळा बुडण्याची मला मुळीच काळजी नव्हती.

शिडी लावली. आजोबा गुडघ्यांना शिव्या देत वर चढले, मी आणि केतिल त्यांच्यामागे. पहार फटीत घातली. काळा रंग कडकड फुटला. माहीत होतं, आत एक थर्मास आहे. नुसता थर्मास! तरी मी आजोबांच्या खांद्यावरून मान लांब करून बघत होते.

झाकण उघडलं.

आत काही नव्हतं.

आजोबा वाकले. हात घालून चाचपडले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही झाला होता! राग नव्हता तो, भीतीही नव्हती. आपल्याच घरात कुणीतरी येऊन गेलंय आणि आपल्याला पत्ताच नाही, तसा काहीतरी.

"रिकामं," ते म्हणाले. "मग माझा... इथे कोण आलं होतं?"

केतिल झाकणाकडे बघतच नव्हता. तो आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत होता, तोंड उघडं टाकून.

"रिकामं," तो पुटपुटला. "ठकठक ऐकू आली, उघडलं, आणि रिकामं! इथे कोण आलं होतं... इथे कोण आलं होतं!" आणि तो शिडी न वापरता खाली उतरला, म्हणजे जवळजवळ पडलाच, आणि एका पायात चप्पल नसताना घराकडे पळत सुटला. पाठदुखीचा माणूस! गणिताचे सर त्याची चप्पल घेऊन त्याच्यामागे.

आजोबा अजून थर्मासच्या दुःखात. "बायकोने दिलेला नाही, कुणी दिलेला नाही, पण वीस वर्षं समुद्रावर माझ्याबरोबर होता."

तेव्हा माझं लक्ष खाली हालफ्रीदुरकडे गेलं. ती लाल झाली होती, कानाच्या पाळीपर्यंत. मला ते लाल होणं चांगलं ओळखता येतं. आणि तिने काखेतला थर्मास पाठीमागे लपवला होता.

"हालफ्रीदुर," मी वरून म्हणाले, "तुझ्या थर्मासला टोपी का गं?"

"थंडी वाजते त्याला," ती म्हणाली. पण मग स्वतःच हसली आणि टोपी काढली. निळा. बुडाला पोचा.

आजोबांनी उघड्या झाकणाकडे पाहिलं, मग थर्मासकडे.

"नट्यांचे केस करायला मला बोलावलं होतं ना," हालफ्रीदुर भडाभडा बोलायला लागली, "तेव्हा ते लोक झाकणाखालच्या तुझ्या वस्तू कचऱ्यात टाकत होते. मी हा उचलला. म्हटलं, तू विचारशील, तेव्हा देईन. पण तू टीव्हीवाल्यांना शिव्या देत बसलास, मला विचारलंसच नाहीस! मग द्यायची लाज वाटायला लागली. म्हणून टोपी विणली."

"म्हणजे दोन हिवाळे तू मला माझ्याच थर्मासातून कॉफी पाजतेयस?"

"आणि पहिला पेला! दोन हिवाळे वाट बघतेय मी, या माणसाच्या डोक्यात प्रकाश कधी पडेल म्हणून!"

पाद्री खोकले. मी पहार उचलून उगीच पुसायला लागले. आजोबा शिडी उतरले, या खेपेला गुडघ्यांना एकही शिवी न देता, आणि म्हणाले, "मग ओत की. गार होतेय."

केतिलने तीन आठवड्यांत सगळं पर्व लिहिलं. पहिलंच दृश्य झाकणाचं ठेवलं आणि जुने फोटो बघून झाकणावर तशाच भेगा पुन्हा पाडून घेऊन तेवढं मेमध्येच चित्रित करायला लावलं, म्हणजे स्वाला मोकळी होईल. आमच्या सगळ्यांकडून शपथ घेतली, भाग दिसेपर्यंत एक अक्षर बाहेर जाता कामा नये. जूनच्या सुरुवातीला आम्ही खोटा गंज खरवडला आणि होडी हिरवीगार रंगवली. पहिल्या दिवशी मला तीनदा ओकारी झाली आणि सतरा किलोचा कॉड मिळाला. धक्क्यावर रोज पहाटे हालफ्रीदुर थर्मास घेऊन उभी. टोपी आता त्याच्यावर कायमची आहे, आजोबा काढू देत नाहीत. होडी विकण्याचं कुणी बोलत नाही. गुडघ्यांचं काय ते बघू, म्हणतात, आता खलाशी आहे.

आणि इल्फाने उन्हाळाभर माझा जीव खाल्ला. "तुला माहीत आहे! तुझ्या नाकावरून दिसतं!" मी नाक झाकून बसायचे.

तर रविवारी सगळे आमच्याकडे जमलो होतो. पडद्यावर पोलीसबाईने झाकणाला हात लावला. ठक. ठक. उघडलं. रिकामं! तिचा चेहरा अगदी आजोबांसारखा झाला. आई किंचाळली. "हे माझ्याकडून शिकलीय ती," आजोबा हालफ्रीदुरच्या कानात म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू.

भाग संपला, तोही भलत्याच ठिकाणी. लगेच इल्फाचा फोन.

"रिकामं?" ती ओरडली. "मग ठोकलं कुणी? आता आठवडाभर थांबायचं? साल्व्हर, सांग, कोण आलं होतं तिथे?"

मी हालफ्रीदुरकडे पाहिलं. ती आजोबांच्या पेल्यात कॉफी ओतत होती.

"मालिकेतलं मला खरंच माहीत नाही गं," मी म्हणाले. "पण थांब तू. मजा येते."