रंग फासलेला मागचा दरवाजा

मित्रांनो, मला अडगळ समजू नका. मी एका तीन मजली इमारतीचा जुना, लोखंडी, मागचा दरवाजा आहे; मागचा जिना उतरला, की थेट माझ्यापाशी. आग लागल्यास माणसांना सुखरूप बाहेर सोडावे, याच एका कार्यासाठी माझा जन्म झाला.

ज्या मिस्त्रीने मला घडवले, त्याने मला करंगळीने ढकलून पाहिले. मी अलगद उघडलो. "झकास! म्हातारं माणूससुद्धा उघडेल," तो म्हणाला. मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेले कौतुक ते एवढेच.

पुढे घरमालकाने गादीचे दुकान काढले. माझ्यासमोरच्या बोळात गाद्यांची थप्पी लागली. मी तिच्याआड गाडला गेलो, आणि माझ्या अंगावर गंज चढला.

तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहत. त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले होते. पुढच्या अरुंद जिन्याखालीच विजेचे मीटर होते. एकदा तेथे ठिणग्या उडाल्या, तेव्हापासून काकूंच्या जिवाला घोर लागला.

"आग लागली तर मामंजींना घेऊन मी उतरू कुठून?" त्यांनी मालकाला विचारले.

"लागेल तेव्हा बघू, काकू. आधी तुमचं मशीन जरा हळू चालवा, माझी झोप उडते!"

मागचा दरवाजा अडवल्याची काकूंनी नगरपालिकेत तक्रार केली. मालकास नोटीस आली. परंतु बांधकाम खात्याच्या साहेबांच्या खोलीत चहा झाला, दंड ठरला आणि तेवढ्यावर प्रकरण मिटवायची तडजोड झाली. दरवाजा मोकळा केला, असे मालक म्हणाला आणि साहेबांनी ते मान्य केले. माझ्याविषयी तडजोड झाली, पण मला पाहायला कोणी आले नाही! माझा संताप अनावर झाला.

सुदैवाने त्याच सुमारास नगरपालिकेच्या सभेने ठराव केला, की अशी प्रत्येक तडजोड नगरसेवकांच्या समितीने जागेवर जाऊन तपासावी, मगच ती पक्की व्हावी. मालकाची धांदल उडाली. समिती येण्याच्या आदल्या दिवशी त्याने गाद्या हलवल्या आणि रंगाऱ्याला जुंपले.

"चकचकीत कर! फट दिसता कामा नये!"

रंगाऱ्याने खरोखरच फट ठेवली नाही. हिरवा रंग माझ्या आणि चौकटीच्या मधल्या फटीत शिरला आणि तेथेच वाळला.

समिती आली. साहेब हसून म्हणाले, "बघा मॅडम, नवरीसारखा नटवलाय."

समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या, "मग नवरीला बाहेर येऊ द्या की. उघडा."

मालकाने ढकलले. खांदा लावला. शेवटी साहेबांनीही जोर लावला आणि त्यांची बाही हिरवी झाली. मित्रांनो, मी तसूभरही हललो नाही. ज्यांनी माझे कार्य हिरावून घेतले, त्यांची लाज मी का राखावी?

काकू जिन्यावर उभ्या होत्या. "साहेब, आत्ता आत धूर असता तर?"

साहेब आपली हिरवी बाही चोळू लागले.

"तडजोड नामंजूर," अध्यक्षा म्हणाल्या. "दंड भरला म्हणून दार उघडत नाही. आधी हे उघडा, मग माझ्यासमोर काकूंचे सासरे इथून बाहेर येऊ देत."

माझा रंग खरवडला गेला, बिजागऱ्या नव्या बसल्या. काकूंनी आणि शेजाऱ्यांनी सासऱ्यांना खुर्चीसकट उचलून माझ्यातून बाहेर आणले. उन्हात डोळे किलकिले करीत म्हातारबाबा म्हणाले, "सूनबाई, एवढ्यात वर नेऊ नकोस."

मित्रांनो, तुमच्या इमारतीतही माझा एखादा भाऊ असेल. त्याच्यापुढे सामान रचू देऊ नका, आणि कोणी कितीही सांगितले तरी नुसत्या शब्दावर विसंबू नका. स्वतः जा आणि त्याला ढकलून पाहा. तो उघडला नाही, तर उघडेपर्यंत तेथून हलू नका.