पायाशी शिंगरू

"माझ्यावर ओरडून काय होणार, पोरी? लिलावाचा हातोडा पडला," गाडीवाला फेस्टी म्हणाला.

तरी मी त्याच्यावरच ओरडत होते. समोर रिंगणात करड्या रंगाची घोडी उभी होती आणि तिच्या पोटाला चिकटून शिंगरू. घोडी माझी झाली होती. शिंगरू झालं नव्हतं.

यादीत स्पष्ट छापलं होतं, 'घोडी, पायाशी शिंगरू', म्हणजे दोघं एकाच बोलीत. पण आमच्या कॉनेमाराच्या बाजारांत छापलेल्यावर कुणी जात नाही. बोली सुरू होताना लिलाववाला वरच्या चौथऱ्यावरून जे सांगेल तेच खरं. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. त्यानं सांगितलं होतं, दोघांची बोली वेगवेगळी होईल. शिंगरू सोबत आणलंय ते फक्त आई त्याच्याशिवाय चालत नाही म्हणून.

त्या वेळी मी काय करत होते? कुशीतल्या माझ्या लेकीच्या, ऊनाच्या नाकाखाली बोट धरून तिचा श्वास चालू आहे का ते बघत होते. चार महिन्यांची आहे. झोपली की मला राहवत नाही, दिवसातून वीसदा बघते. वर बघितलं तेव्हा बोली सुरू झाली होती आणि मी हात वर केला.

फेस्टी तेव्हा माझ्या कोपराला कोपर लावून उभा होता.

"तुम्ही ऐकलं होतं?"

"ऐकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"गाडीवाल्यानं रिंगणाशी तोंड उघडायचं नसतं. विकणाराही माझं गिऱ्हाईक आणि घेणाराही."

पुढची बोली शिंगराचीच होती. मी हात वर केला, पुन्हा केला, मग खाली घेतला. ज्यानं ते घेतलं त्या हिरव्या टोपीतल्या व्यापाऱ्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नंतर मीच त्याला गाठलं.

"दोन महिने तरी राहू द्या त्याला आईपाशी. मी सांभाळते, फुकट. अजून पितंय ते."

"बाई, माझी बोट उद्याची आहे," तो म्हणाला आणि ऊनाच्या टोपड्यावर वाकला. "गोड आहे हो! रात्रीची झोपू देते का?"

मला त्याच्या टोपीला आग लावावीशी वाटली. तेवढ्यात तो फेस्टीला म्हणाला, "तू गॉलवेच्याच रस्त्यानं जाणार ना? मग हेही टाक आत."

आणि फेस्टी म्हणाला, "टाकतो."

ही घोडी आमच्याच वावरात जन्मलेली. बाबा आजारी पडले तेव्हा विकावी लागली. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली, पण बाजाराची यादी मी वाचून दाखवली तेव्हा 'पायाशी शिंगरू' या शब्दांवर त्यांनी माझं मनगट असं दाबलं की वळ उठला. खिडकीतून दिसणाऱ्या वावरात ती पाजताना त्यांना बघायची होती. बाकी त्यांनी हल्ली काही मागितलेलं नाही.

घोडी फळीवरून गाडीत चढेना. फेस्टीनं ना ओढलं, ना मारलं. शिंगराला मागून ढोपर लावून पुढच्या कप्प्यात सरकवलं, तशी ती आपण होऊन चढली. मग त्यानं मधली लाकडी फळी बसवून खिट्टी घातली.

"छान फसवता," मी म्हटलं.

"एक्केचाळीस वर्षं फसवतोय."

मी ऊनाला घेऊन पुढे त्याच्या शेजारी बसले. मागून फळीवर खूर आपटत होते. दर वेळी ऊना दचकायची आणि मी फेस्टीकडे रागानं बघायची.

"तुमचा स्वतःचा घोडा नाही?" मी विचारलं. काहीतरी टोचणारं बोलायचं होतं.

"कधीच नव्हता. माझ्या घरामागे नुसते दगड. दगड खाणारा घोडा निघाला लिलावात तर सांग."

मला हसू आलं नाही.

तळ्याशी रस्ता रुंद होतो तिथे त्यानं गाडी बाजूला घेतली आणि उतरला. मी मागे गेले तर त्यानं मधली फळी काढून भिंतीला टेकवली होती. शिंगराचं डोकं आईच्या कासेखाली होतं आणि शेपूट गरागरा फिरत होतं. घोडी त्याच्या पाठीवर ओठ टेकवून उभी. फेस्टी आमच्याकडे पाठ करून तळं बघत होता, तोंडात न पेटवलेली सिगारेट.

"किती वेळ?"

"त्याचं पोट भरेपर्यंत. भाड्यात नाही धरलेलं. आणि कुठे बोलू नकोस."

"दर वेळी थांबता?"

"आई नि पिल्लू एकाच खेपेत असले की थांबतो."

माझा राग आणखी भडकला. "म्हणजे एक्केचाळीस वर्षं तुम्हाला हे कळतंय आणि रिंगणाशी एकदाही तोंड उघडलं नाहीत?"

"उघडलं असतं तर ही खेप दुसऱ्या कुणाच्या गाडीत गेली असती. तो थांबला नसता."

"स्वतःची समजूत घालायला बरं आहे."

त्यानं सिगारेट पुन्हा पाकिटात ठेवली. "हो," तो म्हणाला. "बरं आहे."

मग त्यानं फळी परत बसवली.

आमच्या फाटकाशी फेस्टीनं घोडी उतरवली. बाबा खिडकीतच होते. घोडी दिसताच त्यांनी चांगला हात वर करून दोन बोटं दाखवली आणि भुवया उंचावल्या. दोघं?

मी एक बोट वर केलं. रिंगणाशी बोली लावताना हात वर केला होता तसंच.

बाबांचा हात हळूहळू खाली गेला. गाडीतून शिंगरू ओरडलं आणि माझं दूध आपोआप उतरलं, सदरा ओला झाला. ऊना गाढ झोपली होती. या वेळी मी तिचा श्वास बघितला नाही.

आमच्या वावराची दगडी भिंत रस्त्यालगत पार खाडीच्या वळणापर्यंत जाते. फेस्टी निघाला आणि घोडी भिंतीच्या आतून गाडीबरोबर धावू लागली. त्याला झटकन निघून जाता आलं असतं. पण तो पहिल्या गिअरमध्येच राहिला, तिच्या पावलाला पाऊल लावून.

"जा ना लवकर!" मी रस्त्यावर येऊन किंचाळले. "जा म्हणते ना!"

त्यानं ऐकलं असणार, काच खाली होती. भिंत संपेपर्यंत त्यानं वेग वाढवला नाही.