ताई पहिल्या खोलीतून बाहेर पडत नाही

गेम बनवायला काय लागतं, हे विचारायला माझ्याकडे येऊ नका. कोडिंग काय, कुणीही शिकतं. तोंड बंद ठेवता येतं का, ते आधी सांगा.

आमच्याकडे नियमच आहे. गेम बाहेर पाठवण्याआधी, तो कधीच न पाहिलेल्या माणसाला खेळायला बसवायचं आणि बनवणाऱ्याने वही घेऊन त्याच्या मागे बसायचं. बोलायचं नाही, खुणावायचं नाही, उसासासुद्धा टाकायचा नाही. त्याला पहिली खोली आपली आपण पार करता आली, तरच गेम पुढे जातो. त्या दिवशी पाच वाजता माझा गेम प्रकाशकाकडे पाठवायचा होता. चार वर्षं हाडं झिजवली होती मी त्याच्यासाठी. ठरलेला माणूस आलाच नाही, आणि माझ्या भागीदाराने मला न विचारता ताईला बोलावलं. माझी सख्खी बहीण! बाबा गेले त्या दिवशी भांडलो, त्यानंतर आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"अरे, तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच बोलावलं," तो म्हणाला.

ताई आली, मला सोडून सगळ्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि बसली.

गेम साधा आहे. एक मुलगी घर सोडून जग बघायला निघते. पहिल्या खोलीत कॉटवर तिचे आजारी वडील, टेबलावर पाण्याचा पेला, दाराशी बॅग. बॅग उचलायची, दार उघडायचं, झालं. शेंबडं पोरही अर्ध्या मिनिटात बाहेर पडेल.

ताईने पेला उचलला आणि वडिलांपाशी नेला. काहीच झालं नाही, कारण ते वडील म्हणजे नुसती सजावट होती. तिने पुन्हा नेला. मग त्यांना कुशीवर वळवता येतं का पाहिलं. उशी सरकवून पाहिली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बॅगेवरून चारदा गेली ही बया, पण उचलली नाही! माझं डोकं नुसतं तापलं होतं. मुद्दाम करतेय, मला बुडवायलाच आलीय, असं वाटत होतं. वहीत मी 'बाहेर पडत नाही' एवढंच लिहिलं आणि पेन्सिलचं टोक मोडलं.

पावणेपाचला भागीदार म्हणाला, "थांबवू या. दारावर मोठा बाण टाकू का?"

मग मात्र मला राहवेना. "दार समोर आहे, ताई! डोळे फुटले का तुझे?"

"दिसतंय दार," ती म्हणाली. "पण यांना असं टाकून जाऊ कुठे? घोटभर पाणी पाजायची सोय नाही तुझ्या गेममध्ये."

"बरं बाई! पाणी पितील, बोलतीलसुद्धा. आत्ता घालते. सांग, काय म्हणायचे बाबा? तूच होतीस ना उशाशी? सांग की!"

ताईने माउस बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"शेवटचं दीड वर्ष वाचा गेली होती त्यांची."

"खोटं! मी दर रविवारी फोन करत होते."

"करायचीस ना. आणि दर रविवारी मी सांगायचे, बाबा झोपलेत. एकदा तरी म्हणालीस, उठव त्यांना?"

मी कधीच तसं म्हणाले नव्हते. पाच वाजले, पण गेम पाठवायला माझा हात उठला नाही.