बटणांच्या डबीतल्या सहा गोळ्या

मित्रांनो, मी एक यीस्ट आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. पाव फुगवणारं यीस्ट माझं लांबचं नातेवाईक. त्याचं कौतुक होतं, माझं कधी झालं नाही. माझी त्याबद्दल तक्रारही नाही.

माझे पूर्वज कपडे शिवणाऱ्या एका बाईंच्या कवळीवर राहत. तिथे ऊब होती, ओल होती, आणि बाई कवळी धुवायचा कंटाळा करत. पुढे आमच्यामुळे त्यांचं तोंड आलं. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि आमची दाणादाण उडाली. आत शिरलेलं औषध बाहेर फेकायची खोड ज्यांना होती, तेवढे तगले.

आठव्या दिवशी बाईंना बरं वाटलं. उरलेल्या सहा गोळ्या त्यांनी बटणांच्या डबीत ठेवल्या.

"चांगल्या गोळ्या संपवून कशाला टाकायच्या? लागतील कधीतरी," त्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या. त्यांच्या दुकानात चिंधीसुद्धा वाया जात नसे. मग तोंड चुरचुरलं की त्या एखादी गोळी घेत. तेवढ्याने आमचं काही बिघडत नव्हतं. तगलेल्यांचीच वस्ती वाढली. मी त्यांच्यातलंच.

वर्षभराने बाईंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. मानेच्या शिरेत नळी घातली होती. तिच्या आधाराने आम्ही रक्तात शिरलो. ताप चढला. रक्ताच्या तपासणीत यीस्ट दिसलं, आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं तेच जुनं औषध सुरू केलं.

"हे यांनी पूर्वी कधी घेतलंय का?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"नाही हो. ताई कधी गोळीच घेत नाही."

आजारपणात ताईला बोलणी बसू नयेत, म्हणून ती खोटं बोलली.

दोन दिवस ताप हटेना. आम्ही वाढत राहिलो. त्यात मला ना आनंद होता, ना दुःख. मला वाढणं तेवढं येतं. तिसऱ्या दिवशी आम्ही रक्तातून डाव्या डोळ्यात पोचलो, बाईंना त्या डोळ्याने धूसर दिसू लागलं, आणि धाकटीचा धीर सुटला.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. ताईने याच गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. तुम्ही तिला रागवाल म्हणून..."

"रागवायला वेळ कुणाला आहे?" म्हणत त्यांनी लगेच दुसरं औषध लावलं आणि नळी काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्टही तेच सांगत आला: जुन्या औषधाला आम्ही दाद देत नव्हतो. नव्यापुढे मात्र आमचं काही चाललं नाही.

बाई वाचल्या. डावा डोळा गेला.

"तुला कुणी बोलू नये, एवढंच मनात होतं गं ताई," धाकटी रडत म्हणाली.

"बोलणी खाल्ली असती गं मी," बाई म्हणाल्या आणि तिचा हात धरून पडून राहिल्या.

मी आता लॅबच्या फ्रीझरमध्ये, नंबर टाकलेल्या एका कुपीत आहे. मित्रांनो, मला दयामाया नाही, म्हणून मागणं तुमच्याकडेच. सांगितलेले दिवस औषध पुरं घ्या. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा. लाज वाटेल, वाटू द्या. तुम्ही लाजता तेवढा वेळ आम्ही थांबत नाही.