पाचरीचा उतार

प्रयोगशाळेतले काळ्या फोमचे ठोकळे ती एकेक करून खोक्यात भरत होती. वाकताना कोपराचा धक्का लागला, रिसीव्हरची दांडी फिरून उजवीकडे गेली, आणि इतके महिने मेल्यासारखा पडलेला मीटरचा काटा ताडकन उठला.

तिने दांडी मागे ओढली. काटा पडला. पुन्हा ढकलली. पुन्हा उठला.

टेबलाच्या मधोमध तिची पाचर होती, तांब्याची बारीक कडी आणि तारा छापलेल्या पट्ट्या रचून केलेली. साध्या प्लास्टिकच्या पाचरीतून सूक्ष्मलहरी एका बाजूला वळून बाहेर पडतात. हिच्यातून त्या नेमक्या उलट बाजूला, म्हणजे डावीकडे, वळायला हव्या होत्या. असा पदार्थ आयता सापडत नाही, घडवावा लागतो. तिने तो घडवला आणि डावीकडे डोळे लावून बसली. उजवीकडे काही यायचंच नाही, म्हणून तिकडे भटक्या लहरी शोषणारा फोम रचून ठेवला.

आता तिने पाचरीकडे नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. बसवतानाच पाचरीचा उतार भलतीकडे झाला होता. मग लहरींची उलट बाजूही डावीऐवजी उजवी झाली. लहरी रोज इमानेइतबारे येत होत्या आणि फोम त्या गिळून टाकत होता.

स्टोअरवाला दारात आला.

"बाई, आवरलं का? उद्या दुसरे लोक येणारेत खोलीत."

"अहो, चाललं ते! चालतंय!"

"काय चालतंय?"

ती सांगणार होती, पण त्याची नजर खोक्यांवर होती.

"खोली अजून थोडे दिवस मिळेल?"

"साहेबांना विचारा," म्हणून तो गेला.

एवढ्या मोठ्या इमारतीत ही गोष्ट सांगावी असं एक माणूस तिला आठवेना. पूर्वी तिने घरी जाऊन बाबांना सांगितली असती. 'मला कळायचं नाही, पण सांग,' म्हणत त्यांनी शेवटपर्यंत ऐकली असती.

बाबा आता तिच्याशी बोलत नव्हते. अर्धांगाचा झटका आला त्या संध्याकाळी ती इथेच, याच पाचरीपाशी होती आणि फोन पिशवीत वाजत राहिला होता. तेव्हापासून ती रोज घरी जाऊन खिडकीपाशी, त्यांच्या डावीकडे, खुर्ची टाकून बसे आणि त्यांचा लुळा हात हातात घेई. ते दाराकडे मान करून पडलेले असत. दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींशी मात्र ते दोन शब्द बोलत. राग आहे आणि तो रास्तच आहे, असं तिने मनाशी धरलं होतं. डॉक्टरांना काही विचारायचीही तिला लाज वाटे.

ती घरी पोचली तेव्हा मावशी चपला घालत होत्या.

"आजही विचारत होते, मुलगी का येत नाही म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी सांगत नव्हते. मी म्हणते, अहो, रोज येते की! विसरतात बिचारे."

तिने पिशवी खाली ठेवली.

"तुमच्याशी बोलतात, तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"मी? या स्टुलावर, दाराकडे. खिडकीकडून हाक मारली तर ओ देत नाहीत. ताटातलंसुद्धा डावीकडचं तसंच राहतं. हट्टीपणा, दुसरं काय."

मावशी गेल्या. राग नव्हताच; झटक्यानंतर डावीकडचं काही बाबांपर्यंत पोचतच नव्हतं. तिने खिडकीपाशी जाऊन खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घालून दाराच्या बाजूला आणून ठेवली आणि बसली. बाबांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

"आलीस?" त्यांची जीभ जड झाली होती. "किती वाट बघायला लावलीस गं. होतीस कुठे?"

रोज इथेच, हातभर अंतरावर होते, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"कामात होते, बाबा."

"झालं का मग?"

"झालं." तिने खुर्ची पुढे ओढली. "सांगू?"

त्यांनी चांगला हात पुढे केला.

"मला कळायचं नाही," ते म्हणाले. "पण सांग."